पाटीच्या मागचं घर

१२ जानेवारी

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

फोनवर बोलावं तर तुम्हाला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तुम्ही मनानेच भरता, त्यामुळे पत्रच बरं. पस्तीस वर्षं लिफ्टच्या मोटरशेजारी काढलेल्या कानांना आता अजून त्रास कशाला द्या! तर बातमी अशी, की तुमची मुंगी भिंतीवर चढायला शिकते आहे. हसू नका. पंखा पुसायला स्टुलावर उभी राहिली की जिचे पाय लटपटतात, तीच मी.

कामावरून येताना वाटेत पिठाच्या गिरणीचं एक जुनं गोदाम लागतं. तिथे आता चढाईची शाळा निघाली आहे. मागच्या महिन्यात एका संध्याकाळी त्याचं दार उघडं होतं. सहज आत पाहिलं, तर एक बाई चाळीस फुटांवर हवेत नुसती बसली होती. कमरेला दोर, हात मोकळे, पाय हळूहळू हलताहेत. खाली कोणीतरी दोर धरून उभं होतं, आणि ही वर बसून उंच खिडकीतून बाहेरचं आभाळ बघत होती. मी बघत राहिले ती माझी बस येऊन गेली तरी तिथेच. दुसऱ्या दिवशी जाऊन नाव घातलं.

शिकवणाऱ्या बाई पन्नाशीच्या पुढच्या, ठेंगण्या, पांढऱ्या वेणीच्या. सगळे त्यांना पालकाकू म्हणतात, पालीसारख्या भिंतीला चिकटतात म्हणून. नवीन कोणी आलं की त्या स्वतःच हे नाव सांगून टाकतात. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला भिंतीला हातही लावू दिला नाही. जमिनीवर खडूची रेघ मारली आणि तिच्यावरून चालायला लावलं. पाऊल टेकल्याचा आवाज आला की पुन्हा पहिल्यापासून. त्यांचं म्हणणं असं, की माणूस चढतो पायांनी आणि दमतो हातांनी. आपण जिना चढताना कठडा ओढत वर जातो का, असं त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी गाठ. दोराचा इंग्रजी आठ करायचा, कमरेच्या पट्ट्यातून टोक घालायचं आणि आलेल्या वाटेनेच ते परत फिरवायचं. मग चढणाऱ्याने आणि दोर धरणाऱ्याने एकमेकांची गाठ, बक्कल, पट्टे हाताने चाचपून बघायचे आणि काय पाहिलं ते मोठ्याने बोलायचं. काकू तीस वर्षं चढताहेत, तरी काल आलेल्या माझ्याकडून त्यांनी स्वतःला तपासून घेतलं. मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं.

भिंतीवर हातापायांसाठी रंगीत उंचवटे ठोकले आहेत. मला ते सगळे दाढांसारखे दिसतात. दिवसभर लॅबमध्ये लोकांच्या कवळ्या घडवायच्या आणि संध्याकाळी दाढांवर पाय देत वर जायचं, असं चाललंय. हाताला घाम येऊ नये म्हणून सगळे खडूची भुकटी लावतात. ती भुकटी उन्हाच्या तिरिपेत तरंगत राहते, खालीच येत नाही. दहा-बारा फूट वर गेलं की खालचे आवाज पाण्यातून आल्यासारखे लागतात. काल मी तिथे थांबून नुसती माझी बोटं बघत होते. किती वेळ, ते कळलंच नाही.

गुडघ्याला तेल लावता ना? लोभ आहे तेवढा राहू द्या; वाढवलात तर मी नको म्हणणार नाही.

तुमची,
मुंगी


१९ जानेवारी

चि. मुंगीस,
अ. आ.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसलो, दुसऱ्यांदा उठून पाणी प्यायलो. तुला लहानपणी मुंगी म्हणायला लागलो ते तू साखरेचे दाणे गोळा करायचीस म्हणून. भिंतीवर चढशील असं कोणाच्या डोक्यात होतं!

आता नीट उत्तरं दे. दोर किती जाड आहे? वर तो कशावरून घेतला आहे, आणि ते जे काही आहे ते भिंतीत कसं बसवलं आहे? दोर किती दिवसांनी बदलतात आणि ते कोण लिहून ठेवतं? पालकाकूंना माझा नमस्कार सांग आणि हे प्रश्न माझे आहेत असंही सांग, नाहीतर त्यांना वाटेल तूच भित्री आहेस.

आमच्या लिफ्टदुरुस्तीच्या धंद्यात दोन गोष्टी पहिल्या दिवशी शिकवायचे. चालत्या दोराला हात लावायचा नाही, बोटं जातात. आणि लिफ्टच्या पोकळीत उभं राहून वर बघायचं नाही, ग्रीस आणि धूळ थेट डोळ्यांत येते. पस्तीस वर्षांत मी चालता दोर एकदाही धरला नाही आणि मान वर केली नाही. तुमच्याकडे सगळंच उलटं दिसतंय.

दुपारी खिडकीजवळच्या खुर्चीत माझा डोळा लागतो. हल्ली एकच स्वप्न पडतं. तीच जुनी पोकळी, पण वर छत नाही, निळं आभाळ आहे, आणि पोलादी दोर वर जात जात त्यात दिसेनासे होतात. खाली भिंतीच्या फटींतून गवत उगवलेलं. कुठूनतरी कोणी ठकठक करतं, पण कितव्या मजल्यावरून ते कळत नाही. जाग येते तेव्हा चहा गार झालेला असतो.

तेल लावतो. तूही बोटांना काहीतरी लाव. माझी माया तुला ठाऊक आहे, ती लिहायला मला जमत नाही.

तुझा,
बाबा


३ फेब्रुवारी

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

तुमचे प्रश्न पालकाकूंना वाचून दाखवले. त्यांनी सगळी उत्तरं दिली, दोराची वही काढून दाखवली, आणि असं विचारणारे वडील आपल्याला दर महिन्याला एक तरी मिळोत असं म्हणाल्या. दोर करंगळीएवढा जाड आहे. तुम्हाला तो बारीक वाटेल, पण त्याला हत्ती टांगला तरी चालेल म्हणतात.

बाबा, माझं एका ठिकाणी अडलंय. मी वर जाते. अगदी शेवटच्या लाल दाढेपर्यंत जाते. पण खाली येता येत नाही. वर पोचलं की दोन्ही हात सोडायचे, मागे टेकून बसायचं, आणि खालचा माणूस दोर सोडत आपल्याला उतरवतो. सगळे तसेच उतरतात, हसत हसत. माझे हात सुटत नाहीत. मी तशीच एकेक पाऊल शोधत खाली येते. तोवर हात लाकडासारखे होतात आणि लॅबमध्ये दुसऱ्या दिवशी मेण कोरताना सुरी थरथरते. पुढच्या महिन्यात काकू आमच्या वर्गाला गावाबाहेरच्या खऱ्या खडकावर नेणार आहेत. ज्याने हात सोडून दाखवले तोच येणार. बाकी सगळ्यांचं झालं, मी एकटी राहिले आहे.

वर गेल्यावर काय होतं ते सांगते. पाच वर्षांची असताना मी लिफ्टमध्ये अडकले होते, तो दिवस समोर येतो. अंधार, माझ्या काखेत माझी चित्राची पाटी, आणि दाराच्या फटीतून तुमचा आवाज, की मुंगे, दांडा घट्ट धर, मी सांगेपर्यंत सोडू नकोस. मग लिफ्ट इंच इंच हलत राहिली आणि दार उघडलं तर तुम्ही, घामाने निथळलेले. मला वाटतं तो दांडा मी अजून सोडलेलाच नाही.

हे मी काकूंना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, की डोळे मिटून कोणाच्या हातात अंग टाकशील? मी विचार न करता म्हणाले, बाबांच्या. तर त्या म्हणतात, बोलव बाबांना. दोर धरणं एका दुपारात शिकवता येतं, झटका बसताच दोर आपोआप अडकवणारं यंत्रही असतं, आणि मागे दोराचं टोक धरून त्या स्वतः उभ्या राहतील.

याल ना? दोन दिवस राहायला या. ती पाटी कुठे गेली हो? तिच्यावर मी घर काढलं होतं.

तुमच्या होकाराची वाट बघणारी,
मुंगी


८ फेब्रुवारी

चि. मुंगीस,
अ. आ.

तुझं पत्र मिळालं. मला जमेलसं वाटत नाही. एक तर गुडघे. दुसरं म्हणजे तू वरून हाक मारलीस आणि मला ऐकूच आली नाही तर काय करायचं? असल्या कामाला तरणा, धडधाकट माणूस हवा. पालकाकू तीस वर्षं हेच करताहेत, त्यांच्या हातात तू निश्चिंत राहा. आणि खडकावर नाहीच गेलीस तर काय बिघडलं? भिंत आहे की.

इकडे थंडी कमी झाली. जास्त काही लिहीत नाही.

बाबा


१४ फेब्रुवारी

चि. भाऊस,
अ. आ.

लाल शाईचा राग मानू नकोस, घरात दुसरी नाही. शाळा सुटून नऊ वर्षं झाली तरी वह्या तपासायच्या शाईच्या बाटल्या संपत नाहीत. आणि तुझं पत्र तपासण्याच्याच लायकीचं आहे. तुझ्या लेकीने ते मला पाठवलं. सोबत काही लिहिलं नव्हतं, म्हणजे फार लागलं असणार.

गुडघ्यांचं काय सांगतोस? चार मजले चढून भाजी आणतोस, हे मला तुझ्या शेजारणीने सांगितलंय. पोरीने आयुष्यात तुझ्याकडे मागितलं काय? तिची आई गेली तेव्हासुद्धा तुला त्रास नको म्हणून ती आठवड्यात कामावर गेली. आणि आता एक दिवस दोर धर म्हणते, तर तू हातपाय गाळून बसलास.

लिफ्ट बिघडली तेव्हा कुठे गेले होते तुझे गुडघे? सहा मजले धावत गेलास, हाताने चाक फिरवून पोरीला सोडवलंस. मी वर्गात तुझी गोष्ट किती वर्षं सांगितली असेल! घरी चार माणसं जमली की ती मला सांगायला लावतातच. तू तेवढा दर वेळी उठून आत जातोस. मी समजायचे, भाऊ लाजाळू.

मुकाट्याने जा. न जाण्याचं खरं कारण काही वेगळं असेल तर ते मला नको, तिला लिही.

तुझ्यावर रागावलेली आणि तरीही तुझीच,
अक्का


१८ फेब्रुवारी

चि. मुंगीस,
अ. आ.

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं. आता फाडणार नाही.

लिफ्ट बिघडली नव्हती. ती मी बंद केली होती.

त्या दिवशी तुझी शाळा नव्हती म्हणून तुला कामावर नेलं होतं. काम सुरू करण्याआधी लिफ्टच्या मेकॅनिकने एक पाटी दारावर लावायची असते, काम चालू आहे, लिफ्ट वापरू नये. ती लावल्याशिवाय विजेच्या मुख्य खटक्याला हात लावायचा नाही. मी वीस जणांना हे शिकवलंय. पण तू तिसऱ्या मजल्यावर कंटाळून बसली होतीस आणि चित्र काढायला काहीतरी दे म्हणून मागे लागलीस. माझ्या पिशवीत ती पाटी होती. तिची मागची बाजू काळी, कोरी. मी तुला ती दिली, खडूचा तुकडा दिला, आणि पाटीशिवाय वर गेलो. मनात म्हटलं, अर्ध्या तासाचं काम, दुपारची वेळ, कोण येतंय.

तू आलीस. चित्र दाखवायला माझ्याकडे निघालीस. लिफ्टमध्ये शिरलीस, बटण दाबलंस, आणि तेवढ्यात वर मी खटका ओढला. तू आत आहेस हे मला ठाऊकही नव्हतं. मी आरामात भाग सुटे करून घासत बसलो होतो. शीळ घालत होतो, मुंगे. खाली येऊन पाहिलं तर तू मजल्यावर नाहीस, आणि आतून ठकठक ऐकू आली. भाग सुटे पडलेले, वीज लावून उपयोग नव्हता, म्हणून पुन्हा वर धावत जाऊन मोटरीचं चाक हाताने फिरवावं लागलं. तुला दांडा धरायला सांगितलं ते चाकाचे हिसके बसतील म्हणून. तू पाटी काखेत मारून दोन्ही हातांनी दांडा धरला होतास. तुझी बोटं मला एकेक करून सोडवावी लागली.

दार उघडलं तेव्हा मजलाभर लोक जमले होते. शाबास म्हणाले. कोणीतरी खांद्यावर हात ठेवला. पाटी तुझ्या काखेत होती आणि तुला वाचता येत नव्हतं. मी ती पिशवीत टाकली आणि गप्प बसलो. तुझ्या आईलासुद्धा सांगितलं नाही. अक्का ती गोष्ट रंगवून सांगायची, तू माझ्याकडे कौतुकाने बघायचीस, आणि मला वाटायचं जमीन दुभंगावी.

म्हणून मी नाही म्हणालो. ज्याने तुला अडकवलं त्याच्या हातात तू डोळे मिटून अंग टाकणार, आणि तेही त्याने सोडवलं असं समजून, हे मला सोसणार नव्हतं.

पाटी माझ्याकडे आहे. कपाटात वर, कापडात गुंडाळून. खडू पुसला जाऊ नये म्हणून काच लावून घेतली. एक उंच घर आहे, जिना काढलेला नाही. वरच्या खिडकीत एक छोटं डोकं, खाली जमिनीवर एक माणूस, आणि त्याचे हात घराच्या दारापेक्षा मोठे.

याच्यावर तू काय म्हणशील ते म्हण. काहीच म्हणाली नाहीस तरी मी समजेन.

बाबा


५ मार्च

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

उशीर झाला. मुद्दाम केला.

मला राग आला होता. अजून थोडा आहे. खटका ओढलात त्याचा नाही. सव्वीस वर्षं मी ती गोष्ट ऐकत आले, मैत्रिणींना सांगत आले, आणि तुम्ही आतल्या खोलीत जाऊन बसत होतात, त्याचा. मला वाटायचं माझं धैर्यच कमी. इतक्या शूर माणसाची मुलगी आणि स्टुलाला घाबरते! हे ओझं तुम्ही मला उगाच वाहायला लावलंत, बाबा.

दोन आठवडे मी गोदामात गेले पण चढले नाही. भिंतीला पाठ लावून बसायचे आणि उन्हात तरंगणारी भुकटी बघायचे. काकूंनी मला नुसतं दुसऱ्यांचे दोर धरायला बसवलं. परवा एक मोठे गृहस्थ चढायला निघाले, दिसायला अगदी तयार. मी हाताने चाचपलं तर गाठीचं टोक परत फिरवलेलंच नव्हतं. मी मोठ्याने सांगितलं. ते म्हणाले, अरे खरंच की, आणि गाठ सोडून पुन्हा बांधली. कोणी ओरडलं नाही, कोणी हसलंही नाही. ते चढले, मी दोर धरला, ते उतरले. घरी येताना बसमध्ये मला रडू आलं.

तुमचं पत्र मी पुन्हा काढून वाचलं. तुम्हाला माझी बोटं एकेक करून सोडवावी लागली, हे मला आठवत नव्हतं. आता हळूहळू आठवतंय. तुमच्या हातांना ग्रीसचा वास होता आणि ते माझ्याहून जास्त कापत होते.

तर आता या. पूर्वीही बोलावलं होतं, पण तेव्हा मी दुसऱ्याच कोणालातरी बोलावत होते. आता तुम्हालाच बोलावते आहे. पुढच्या रविवारी सकाळी दहा वाजता. पाटी आणा. आणि आत्याला गोष्ट तुम्ही सांगायची, मी नाही. तिला लाल शाई भरपूर आहे.

राग उरलाय तो भेटीत संपवू.
मुंगी


२० मार्च

चि. मुंगीस,
अनेक अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. मान अजून आखडलेली आहे. पस्तीस वर्षं वर न बघितलेला माणूस पंचवीस मिनिटं वर बघत राहिला, त्याचं हे फळ. तेल आता तिथेही लावतो.

येताना बसमध्ये मी जागा होतो की झोपेत, ते मला सांगता येत नाही. डोळ्यांपुढे सारखं ते गोदाम येत होतं. मी तुझी गाठ चाचपली. दोन्ही वाटा बोटाने मोजल्या. तू माझं बक्कल ओढून पाहिलंस आणि माझ्या बऱ्या कानाशी येऊन सगळं ठीक आहे असं सांगितलंस. मग तू वर निघालीस आणि दोर माझ्या हातातून सरकायला लागला. चालता दोर, मुंगे. मऊ असतो आणि जरासा गरम. हे मला आजवर ठाऊक नव्हतं. मागे काकूंनी टोक धरलं होतं, पण त्या आहेत हे मी दोन मिनिटांत विसरलो.

तू वर पोचलीस आणि थांबलीस. किती वेळ थांबलीस! खिडकीतून ऊन तुझ्या पाठीवर पडलं होतं, तुझी बोटं पांढरी झालेली खालून दिसत होती. तू काही बोलत होतीस का, मला ऐकू आलं नाही. त्या दिवशी मी तुला सांगितलं होतं, की मी सांगेपर्यंत सोडू नकोस. नंतर बोटं सोडवली, पण सोड असं काही मी म्हणालो नव्हतो. मला तिथे उभ्या उभ्या ते उमगलं. म्हणून मी ओरडलो. सगळे दचकले, तुला वाटलं असेल म्हातारा वेडा झाला. मी एवढंच म्हणालो, की मुंगे, आता सोड.

आणि तू सोडलंस. वजन माझ्या हातात आलं. तेव्हा वर मोटरीपाशी माझ्या हातात नुसतं लोखंडी चाक होतं, तू कुठेतरी खाली अंधारात होतीस. या वेळी हातात तूच होतीस. मी तुला लगेच उतरवलं नाही, माफ कर. तू हवेत बसून खिडकीबाहेर बघत होतीस, पाय हलवत होतीस, आणि मला ते बघायचं होतं.

अक्काला लिहिलं. चार पानं. उत्तरात एक ओळ आली, लाल शाईत, की हे खरं असेल तर तू माझ्या वर्गात सव्वीस वर्षं नापास होतास आणि आता काठावर पास आहेस. खाली लिहिलंय, जेवायला ये. पाटी तुझ्या भिंतीवर नीट बसली ना? खिळा मी जरा वर मारला, पण तुला आता स्टुलाची भीती नाही.

येत्या रविवारी खडकावर जाणार आहात, तिथे दोर धरायला कोणी ठरलं नसेल तर कळव. ठरलं असेल तर त्याला नको म्हणून सांग. मी शनिवारच्या बसने निघतो आहे.

तुझा,
बाबा